यकृतातील पाण्याची गाठ आणि ‘ट्यूमर मार्कर’चा आकडा

हल्ली पोटाची सोनोग्राफी ही आपल्या जिल्ह्यात सर्रास होणारी तपासणी झाली आहे. घाटाखाली खारपाण पट्ट्यात, म्हणजे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागांत, मूत्रपिंडाच्या तक्रारी फार. कोणाला मुतखड्याची कळ येते, कोणाचे क्रिएटिनिन वाढलेले निघते, आणि डॉक्टर पोटाची सोनोग्राफी करायला सांगतात. घाटावर चिखली, मेहकर, देऊळगाव राजा या बाजूला पित्ताशयातील खड्यांसाठी, बायकांच्या पाळीच्या तक्रारींसाठी, कधी नुसते ‘पोट फुगते’ म्हणूनही ती केली जाते. ज्यासाठी सोनोग्राफी केली ते सापडते किंवा सापडत नाही. पण रिपोर्टच्या मधल्याच एखाद्या ओळीत लिहिलेले असते की यकृताच्या उजव्या भागात चार सेंटिमीटरची ‘सिस्ट’ आहे.

सिस्ट म्हणजे काय, असे नातेवाईक विचारतात. ‘गाठ आहे, पाण्याची’ असे उत्तर मिळते. आपल्याकडे ‘गाठ’ हा शब्द ऐकला की पुढचा शब्द आपोआप मनात येतो. मग कोणीतरी सुचवते, ‘शंका नको, कॅन्सरची रक्ततपासणी करून टाका.’ रक्त मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत जाते आणि दोन दिवसांनी मोबाईलवर रिपोर्ट येतो. सीए १९-९ : ८२. त्याच्यापुढे वर जाणारा बाण, आणि शेजारी ‘नॉर्मल ३७ पर्यंत’. त्या रात्री घरात चूल पेटत नाही. भाव नसताना सोयाबीन विकायचे, मुलीचे लग्न पुढे ढकलायचे, मुंबईला जायला गाडी ठरवायची, अशी बोलणी सुरू होतात. दवाखान्यात आल्यावर पहिला प्रश्न असतो, ‘डॉक्टरसाहेब, कॅन्सर तं नाही ना?’

बहुतेक वेळा नसतो. नसतानाही हा आकडा का वाढतो, आणि ज्या थोड्या रुग्णांमध्ये खरोखर काळजी करण्यासारखे असते ते ओळखायचे कसे, हे आज पाहू.

पाण्याची पिशवी तयार कशी होते?

यकृत हा उजव्या बरगड्यांच्या आड असलेला, मोठ्या माणसात सुमारे दीड किलो वजनाचा अवयव. त्याच्या अनेक कामांपैकी एक म्हणजे पित्त तयार करणे. हे पित्त बारीक बारीक नळ्यांच्या जाळ्यातून वाहत मोठ्या पित्तनलिकेत येते आणि पुढे आतड्यात जाते. आईच्या पोटात बाळ वाढत असताना हे जाळे विणले जाते. तेव्हा काही बारीक नळ्या मुख्य प्रवाहाला जोडल्याच जात नाहीत. पाटापासून तुटलेल्या चारीसारख्या त्या एकट्या पडतात. त्यांच्या आतले अस्तर मात्र जिवंत असते आणि ते थेंब थेंब पाणी पाझरत राहते. वर्षानुवर्षे हे पाणी साचून एक पातळ भिंतीची पिशवी तयार होते. हीच साधी सिस्ट.

या पिशवीचे अस्तर पित्तनलिकेच्याच पेशींचे असते, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

साधी सिस्ट चाळिशीनंतर जास्त दिसते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते. सोनोग्राफी केलेल्या शंभर प्रौढांमागे साधारण अडीच ते पाच जणांत ती सापडते. सीटी स्कॅन केल्यास अगदी लहान सिस्टही दिसत असल्याने हे प्रमाण आणखी वाढते. म्हणजे हजार वस्तीच्या गावात सगळ्या मोठ्या माणसांची सोनोग्राफी केली तर अशा पंधरा-वीस सिस्ट सहज निघतील. त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होणार नाही, आणि सोनोग्राफी झाली नसती तर त्यांना हे कळलेही नसते.

सोनोग्राफीच्या पडद्यावर साधी सिस्ट ओळखायला फारसे कठीण नसते. आत स्वच्छ पाणी असल्याने ती पूर्ण काळी दिसते. भिंत इतकी पातळ की वेगळी जाणवत नाही. कडा गोल आणि गुळगुळीत. आत पडदे नाहीत, गुठळ्या नाहीत. पाण्यातून ध्वनिलहरी सहज पार होतात, त्यामुळे सिस्टच्या मागचा भाग जास्त उजळ दिसतो. ही सगळी लक्षणे असली आणि रुग्णाला त्रास नसला तर निदान तिथेच संपते. रक्ताची तपासणी नको, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी नको, औषध तर मुळीच नको. युरोपातील यकृतरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली यकृतातील सिस्टविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्रास नसलेल्या साध्या सिस्टचा पाठपुरावा करू नये, असेच त्यांतही सांगितले आहे.

‘मार्कर’ म्हणजे नेमके काय?

कर्करोगाच्या पेशी काही विशिष्ट पदार्थ रक्तात सोडतात आणि ते मोजता येतात, ही कल्पना मोठी आकर्षक होती. मॉस्कोचे शास्त्रज्ञ अबेलेव्ह यांना १९६३ साली यकृताचा कर्करोग असलेल्या उंदरांच्या रक्तात एक प्रथिन सापडले. ते एरवी फक्त गर्भावस्थेत असते. पुढच्याच वर्षी तातारिनोव्ह यांना ते माणसातही दिसले. हेच आजचे एएफपी, म्हणजे अल्फा फीटोप्रोटीन. १९६५ साली कॅनडात माँट्रियल येथे गोल्ड आणि फ्रीडमन यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सीईए शोधले. १९७९ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेत कोप्रोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आतड्याच्या कर्करोगपेशींविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार केली. त्यांपैकी एका प्रतिद्रव्याच्या क्रमांकावरून सीए १९-९ हे नाव पडले.

इथे एक गंमत सांगावीशी वाटते. दवाखान्याच्या कागदांवर कर्करोगासाठी ‘सीए’ अशी दोन अक्षरे लिहिण्याची डॉक्टरांची जुनी पद्धत आहे. घरात पूर्वी कोणाला हा आजार होऊन गेलेला असेल तर नातेवाइकांना ती अक्षरे ओळखू येतात. त्यामुळे रिपोर्टवर ‘सीए १९-९’ दिसले की निदान झालेच असे त्यांना वाटते. या नावातल्या सीएचा अर्थ कार्बोहायड्रेट अँटिजेन, म्हणजे एक प्रकारचा शर्करायुक्त पदार्थ, असाही लावला जातो. तो पदार्थ काही फक्त कर्करोगात तयार होत नाही. पित्तनलिकेच्या आणि स्वादुपिंडाच्या अगदी निरोगी पेशीही तो तयार करतात.

आता मघाची गोष्ट आठवा. सिस्टचे अस्तर पित्तनलिकेच्याच पेशींचे असते. साहजिकच त्या पेशी हा पदार्थ पिशवीतल्या पाण्यात सोडतात. पाण्याला बाहेर पडायला वाट नसल्याने तो वर्षानुवर्षे साचतो. पूर्णपणे निरुपद्रवी सिस्टमधले पाणी तपासले तरी सीए १९-९ चा आकडा हजारांत, कधी लाखांतही निघतो. त्यातला थोडा अंश रक्तात झिरपला की रक्तातलाही आकडा वाढतो. सिस्ट मोठी असेल, तिच्यात रक्तस्राव झाला असेल किंवा जंतुसंसर्ग झाला असेल, तर तो बराच वाढू शकतो. सिस्टवर उपचार केल्यावर हाच आकडा खाली आल्याचीही अनेक उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. त्यामुळे रक्तातील सीए १९-९ वाढलेले आहे यावरून सिस्ट साधी की गंभीर हे ठरत नाही. सीईएचेही तसेच. वर उल्लेख केलेल्या २०२२ च्या सूचनांमध्ये हे स्पष्ट नमूद आहे: साधी सिस्ट आणि अर्बुदाची सिस्ट यांत फरक करण्यासाठी हे दोन मार्कर, रक्तातले असोत की सिस्टच्या पाण्यातले, उपयोगाचे नाहीत.

सिस्ट बाजूला ठेवली तरी या आकड्यांना वाढायला कारणे पुष्कळ आहेत. पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली की सीए १९-९ शेकड्यांत, क्वचित हजारांतही जाते आणि खडा काढल्यावर उतरते. स्वादुपिंडाच्या सुजेत वाढते. साखर ताब्यात नसलेल्या मधुमेहातही थोडे वाढलेले असू शकते. सीईए बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये मुळातच जरा जास्त असते. एएफपी गरोदरपणात वाढते, तसेच यकृताच्या काही आजारांतही वाढते. उलट बाजूही आहे. साधारण शंभरातील पाच ते दहा माणसांच्या शरीरात जन्मतःच सीए १९-९ तयार करण्याची सोय नसते. अशा माणसाला खरोखर कर्करोग झाला तरी त्याचा आकडा नॉर्मलच राहतो. आकडा कमी आहे म्हणून निर्धास्त व्हावे, असेही त्यामुळे म्हणता येत नाही.

एक हिशेब करून पाहू. पुढचे आकडे केवळ समजावण्यासाठी धरलेले आहेत. समजा, यकृतात सिस्ट असलेली एक हजार माणसे आहेत आणि त्यांतल्या पाच जणांना खरोखर अर्बुदाची सिस्ट आहे. रक्ततपासणी त्या पाचांपैकी चौघांत वाढलेली निघाली. बरी तपासणी म्हणायची! पण उरलेल्या ९९५ निरुपद्रवी माणसांपैकीही शंभर जणांत ती या ना त्या कारणाने वाढलेली निघाली. म्हणजे ‘वाढलेला’ रिपोर्ट हातात घेऊन १०४ माणसे दारात उभी राहिली आणि त्यांत खरे रुग्ण चारच. बाकीच्या शंभर घरांची झोप उडाली ती उगाच. शिवाय पाचवा रुग्ण ‘नॉर्मल’ रिपोर्ट घेऊन समाधानाने घरी गेला, तो वेगळाच.

अक्षय्य तृतीयेला भेंडवळची घटमांडणी झाली की दुसऱ्या दिवशीचे भाकीत ऐकायला दुरून शेतकरी येतात. ट्यूमर मार्करच्या आकड्याकडेही आपण तशाच नजरेने बघू लागलो आहोत. पेरणी मात्र शेवटी जमिनीतली ओल पाहूनच करावी लागते. सिस्टच्या बाबतीत ही ओल म्हणजे सोनोग्राफीचे चित्र, आणि गरज पडल्यास एमआरआय किंवा सीटी स्कॅन.

मग या तपासण्या काही कामाच्याच नाहीत का? तसे नाही. कर्करोगाचे निदान आधीच पक्के झालेले असेल तर शस्त्रक्रियेनंतर किंवा औषधोपचार चालू असताना आकडा उतरतो की चढतो यावर डॉक्टर लक्ष ठेवतात. तिथे मार्करचा चांगला उपयोग होतो. हिपॅटायटिस ‘बी’ किंवा यकृत आकसण्याचा आजार, म्हणजे सिऱ्हॉसिस, असलेल्या रुग्णांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतात आणि तिच्या जोडीला एएफपी पाहतात, तेही योग्यच आहे. पण तो कर्करोग सहसा भरीव गाठीचा असतो. पाण्याच्या स्वच्छ पिशवीसाठी एएफपी करण्यात फारसा अर्थ नाही. ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या नावाने मिळणाऱ्या पॅकेजमध्ये चार-पाच मार्कर एकदम घातलेले असतात. धडधाकट माणसाने ते करून घेणे म्हणजे पैसे देऊन काळजी विकत आणणे, असे माझे स्पष्ट मत आहे.

काळजी कोणत्या सिस्टची करायची?

आता ती पाचांतली सिस्ट. यकृतात एक प्रकारचे अर्बुद होते, ज्यात पाण्याऐवजी चिकट, बुळबुळीत द्रव साचतो. पूर्वी त्याला सिस्टॅडिनोमा म्हणत. २०१० सालापासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात म्युसिनस सिस्टिक निओप्लाझम असे नाव आहे. हे अर्बुद फार विरळ. ते जवळजवळ नेहमीच स्त्रियांत आणि बहुधा मध्यम वयात आढळते. यकृताच्या डाव्या भागात ते अधिक वेळा असते आणि सहसा एकटेच असते. सुरुवातीला ते कर्करोग नसते, पण काहींमध्ये पुढे त्याचे रूपांतर कर्करोगात होते. म्हणून ते सापडल्यास पूर्णपणे काढून टाकतात. अर्धवट कापले किंवा नुसते पाणी काढले तर ते पुन्हा भरते.

ते ओळखायचे चित्रावरून. पिशवीच्या आत जाड पडदे दिसतात, भिंतीला आतून गुठळ्या किंवा उंचवटे असतात. डाय देऊन स्कॅन केल्यावर हे पडदे आणि गुठळ्या उजळतात, म्हणजे त्यांना रक्तपुरवठा आहे असे कळते. सिस्टच्या वरच्या बाजूच्या पित्तनलिका फुगलेल्या असू शकतात. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘सेप्टा’ म्हणजे आतले पडदे, ‘नोड्यूल’ म्हणजे गुठळी, ‘थिक वॉल’ म्हणजे जाड भिंत, किंवा ‘कॉम्प्लेक्स सिस्ट’ असे शब्द असतील तर रक्ततपासणीत वेळ न घालवता पुढची तपासणी करावी. अशा सिस्टसाठी एमआरआय विशेष उपयोगी पडतो. मार्करचा रिपोर्ट नॉर्मल असला तरीही तो टाळू नये.

यात एक फसवी जागा आहे आणि तिथे अनुभवी माणसेही अडखळतात. साध्या सिस्टमध्ये कधी कधी आपोआप रक्तस्राव होतो. उजव्या बरगडीखाली एकाएकी जोरात दुखते, काही दिवसांनी कमी होते. या काळात सोनोग्राफी केली तर साकळलेल्या रक्ताचे धागे पडद्यांसारखे आणि गोळे गुठळ्यांसारखे दिसतात. त्यात रक्तातील सीए १९-९ केले तर तेही वाढलेले! चित्रही संशयास्पद, आकडाही मोठा. अशा वेळी मोठ्या शस्त्रक्रियेकडे धाव घेण्याआधी एमआरआय करावा. साकळलेले रक्त त्यात वेगळे ओळखता येते आणि त्या ‘गुठळ्यां’ना रक्तपुरवठा नाही हेही दिसते. काही आठवड्यांनी पुन्हा पाहिले तर चित्र बदललेले असते. ज्या रुग्णाला दुखण्याचा असा झटका येऊन गेला असेल त्याने तो दिवस आणि त्याची हकीकत डॉक्टरांना जरूर सांगावी. पुष्कळ लोक हे सांगायचेच विसरतात.

टॅग-७२ नावाच्या आणखी एका मार्करचे नाव काही वाचकांच्या कानावर आले असेल. तो रक्तात न मोजता सिस्टमधील द्रवात मोजतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात साधी सिस्ट आणि म्युसिनस अर्बुद यांत फरक करण्यास तो सीए १९-९ आणि सीईएपेक्षा बराच सरस ठरला. तज्ज्ञांच्या सूचनांमध्येही त्याचा ‘उपयोग होऊ शकेल’ असा उल्लेख आहे. पण ही तपासणी सहजी उपलब्ध नाही. शिवाय त्यासाठी सिस्टमध्ये सुई घालावी लागते, आणि आपल्या भागात सुईचा प्रश्न जरा वेगळा आहे.

सुई घालण्याआधी मेंढ्या आणि कुत्री आठवा

आपल्या जिल्ह्यात मेंढपाळांचे कळप ठिकठिकाणी फिरतात. खतासाठी शेतात मेंढ्या बसवण्याची पद्धत अजून आहे. कळपाबरोबर कुत्री असतातच. या कुत्र्यांच्या आतड्यात एक चिमुकला पट्टकृमी राहू शकतो, जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर, भाजीवर, पाण्यात जातात. मेंढीने ती खाल्ली की तिच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याच्या पिशव्या तयार होतात. मेंढी कापल्यावर तो भाग कुत्र्याला टाकला की चक्र पूर्ण होते. या चक्रात माणूस चुकून सापडतो. कुत्र्याला कुरवाळलेल्या हाताने, न धुतलेल्या भाजीने किंवा दूषित पाण्याने ती अंडी पोटात जातात आणि यकृतात हायडॅटिड नावाची सिस्ट वाढू लागते. ती इतकी सावकाश वाढते की लहानपणी झालेला संसर्ग चाळिशीत कळावा. मटण खाल्ल्याने हा आजार होतो असा एक समज आहे, तो चुकीचा आहे. शिजवलेल्या मटणातून तो होत नाही. त्याची अंडी कुत्र्याकडून येतात.

हायडॅटिडची पिशवी बाहेरून साध्या सिस्टसारखी दिसू शकते, विशेषतः सुरुवातीला. पुढे तिच्या आत लहान लहान पिल्ले-सिस्ट दिसतात, आतला पापुद्रा सुटून पाण्यात तरंगतो, भिंतीत चुना साठतो. अशा सिस्टमध्ये अजाणता सुई घातली आणि आतले पाणी पोटात सांडले तर तीव्र ॲलर्जी येऊन रक्तदाब एकदम कोसळू शकतो. त्यात जीवही जातो. शिवाय सांडलेल्या पाण्यातील कण पोटात रुजून अनेक नव्या सिस्ट होऊ शकतात. म्हणून ‘थोडे पाणी काढून तपासायला पाठवू, मार्कर बघू’ असे कोणी सुचवले तर ‘ही हायडॅटिड नाही ना, याची खात्री केली आहे का?’ असे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. त्यासाठी रक्तातील प्रतिद्रव्यांची एलायझा तपासणी असते. ट्यूमर मार्करपेक्षा ही तपासणी आपल्या भागातील रुग्णाला जास्त उपयोगी पडण्याची शक्यता आहे. मात्र तीही कधी कधी खोटी नकारार्थी येते, म्हणून ती चित्रासोबतच वाचावी लागते. सीए १९-९ हायडॅटिडमध्येही वाढलेले सापडते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

हायडॅटिड निघाली तरी उपचार आहेत. अल्बेंडाझोलच्या गोळ्या ठरावीक काळ, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि मधूनमधून रक्त तपासून घ्याव्या लागतात. काहींमध्ये औषधाच्या संरक्षणाखाली, सगळी तयारी ठेवून सुईने उपचार करतात. काहींमध्ये शस्त्रक्रिया लागते. चुना साठून निर्जीव झालेल्या सिस्टवर नुसते लक्ष ठेवले तरी चालते.

यकृतातील पू, म्हणजे अमीबाचे गळू, हा आणखी वेगळा प्रकार. सोनोग्राफीत तोही द्रवाचा साठाच दिसतो. पण त्यात ताप असतो, उजव्या कुशीत दुखते, माणूस आजारी दिसतो. त्याला मार्कर नकोत, लगेच औषध हवे. आणि यकृतभर वीस-तीस सिस्ट असतील तर मूत्रपिंडांचीही सोनोग्राफी पाहावी, रक्तदाब मोजावा आणि घरात आई-वडील, भावंडांना असे काही आहे का हे विचारावे. हा बहुधा वंशपरंपरेने येणारा आजार असतो. खारपाण पट्ट्यात मूत्रपिंडाचे दुखणे म्हटले की सगळा दोष पाण्याला दिला जातो. क्वचित त्यामागे हेही कारण निघते.

रिपोर्ट हातात आल्यावर

समजा, मेहकरकडच्या पन्नाशीच्या बाई आहेत. पित्ताच्या त्रासासाठी सोनोग्राफी झाली, यकृतात पाच सेंटिमीटरची सिस्ट निघाली, आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून केलेले सीए १९-९ ६० आले. त्यांनी काय करावे? पहिले, सोनोग्राफीचा रिपोर्ट शब्दशः वाचून घ्यावा. ‘सिंपल सिस्ट’ असे लिहिले असेल, आत पडदे किंवा गुठळ्या नसतील, तर तो ६० चा आकडा बाजूला ठेवावा. पित्ताशयात खडे असतील तर आकडा वाढण्याचे कारण तिथेही असू शकते. त्याचा उपचार आधी करावा. कावीळ, भूक मंदावणे, वजन उतरणे अशी लक्षणे असतील तर मात्र प्रश्न सिस्टचा राहत नाही; पित्तनलिका आणि स्वादुपिंड नीट पाहावे लागते. यांपैकी काही नसेल आणि घरच्यांचे समाधान होतच नसेल, तर तोच मार्कर पुन्हा पुन्हा करण्यापेक्षा जाणकार रेडिओलॉजिस्टकडून सोनोग्राफी एकदा पुन्हा करून घ्यावी.

रिपोर्टमध्ये शंकेचे शब्द असतील तर थांबू नये. बुलढाण्याला जिल्हा सामान्य रुग्णालय आहे आणि २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही मिळाले. खामगाव-शेगावकडच्यांना अकोल्याचे, देऊळगाव राजा-सिंदखेड राजाकडच्यांना छत्रपती संभाजीनगरचे, मलकापूरकडच्यांना खानदेशातील जळगावचे वैद्यकीय महाविद्यालयही गाठता येते. शस्त्रक्रिया ठरलीच तर ती महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी विचारावे. जमीन गहाण टाकण्याचा विचार त्यानंतर. जाताना नुसते रिपोर्टचे कागद नेऊ नयेत, स्कॅनच्या फिल्म आणि सीडीही न्याव्यात. तज्ज्ञाला चित्र बघायचे असते. जुनी सोनोग्राफी सापडली तर ती सोन्यासारखी. पाच वर्षांपूर्वीही सिस्ट एवढीच होती आणि अशीच स्वच्छ दिसत होती हे कळले की निम्मी काळजी मिटते.

साधी सिस्ट फार मोठी होऊन पोट जड वाटणे, थोडे खाल्ले तरी पोट भरणे असा त्रास होऊ लागला, तर दुर्बिणीतून तिचे छप्पर कापून टाकतात किंवा पाणी काढून आत औषध सोडतात. नुसते पाणी काढल्यास ती पुन्हा भरते.

पथ्याविषयी बरेच जण विचारतात. साध्या सिस्टला कोणतेही पथ्य नाही. तिखट, तेलकट, वांगे, भात यांनी ती वाढत नाही आणि कोणत्याही काढ्याने विरघळत नाही. शेतीचे काम, ओझे उचलणे नेहमीप्रमाणे करता येते. फार मोठी सिस्ट असेल तर पोटावर जोराचा मार बसणार नाही एवढी काळजी घ्यावी. दारू सोडणे चांगलेच, पण ते यकृतासाठी. सिस्टचा तिच्याशी संबंध नाही.

घरी किंवा कळपात कुत्रे असेल तर त्याला जंताचे औषध नियमित द्यावे. या पट्टकृमीवर प्रॅझिक्वान्टेल हे औषध चालते. मात्रा कुत्र्याच्या वजनावर ठरते, म्हणून ती पशुवैद्यकीय दवाखान्यातूनच विचारून घ्यावी. बोकड किंवा मेंढी कापल्यावर पाण्याच्या पिशव्या असलेले यकृत-फुप्फुस कुत्र्यापुढे टाकू नये, खोल खड्ड्यात पुरावे. आठवडी बाजारात मटणाच्या दुकानामागे जी कुत्र्यांची झुंड बसलेली असते, तिच्याकडे ग्रामपंचायतीने या दृष्टीने एकदा पाहायला हरकत नाही.